हातांनी घेतलेलं दर्शन

ताईला देवदर्शनाला नेणं म्हणजे डोक्याला ताप, असं गॅरेजात सगळ्यांना ऐकवून मी निघालो होतो. तिची दृष्टी गेलेली. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. त्या जुन्या देवळात मूर्तीच्या पायांना हात लावू देतात, तेवढंच तिला हवं होतं. "डोळ्यांनी नाही तर हातांनी पाहीन," म्हणायची.

बाहेर लख्ख ऊन होतं, पण आत पाऊल टाकलं आणि दिवस मागेच राहिला. जळक्या तेलाचा वास, ओलसर दगड, वर कुठेतरी वटवाघळांची फडफड. रांग तर हलायचं नाव घेईना. इकडे एक गिऱ्हाईक गाडीसाठी सारखं फोन करत होतं. ताई माझा खांदा धरून निमूट उभी. मी मात्र मनातल्या मनात चरफडत होतो.

शेवटी मी तिला रांगेतून काढलं आणि बाजूच्या अंधाऱ्या ओवरीत नेलं. तिथे चिटपाखरू नव्हतं. कोपऱ्यात एक खांब होता. त्यावर ना मूर्ती, ना कोरीवकाम.

"पोचलो ताई. वाक आता."

"एवढ्यात?"

"ज्यांना दिसत नाही त्यांना पुढे सोडतात."

तिनं पदराला हात पुसले आणि खांबाच्या पायथ्याशी डोकं टेकवलं. तिच्या चेहऱ्याकडे माझ्याच्यानं पाहवेना. वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. तेवढ्यात फोन वाजला, आणि मी तो घेऊन ओवरीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. स्वतःची लाज वाटत होती, तरी गप्प राहिलो.

ती बराच वेळ पुटपुटत होती. वटवाघळं एकाएकी शांत झाली. मग तिनं घाबऱ्या आवाजात मला हाक मारली.

"चल... इथून चल."

बाहेर पायऱ्यांवर उन्हात बसवलं तरी ती कापत होती.

"काय झालं ताई?"

"देवाचेच पाय ना रे ते? मी हात लावला, तर पायाची बोटं... आत ओढून घेतली त्यानं."

खांबाला कुठली बोटं!

"तू... तू काय मागितलंस त्याच्याकडे?"

"माझ्यासाठी काय मागणार? तुझं ना लग्न, ना कोणी. म्हटलं, माझ्यामागे याला कधी एकटं सोडू नकोस. याच्या घरी ये, याच्या उशाशी बस..."

खरं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं चाचपत माझा हात शोधला.

"आणि माझ्या कानाशी 'येईन' असं कोण म्हणालं? थट्टा करत होतास ना? तूच ना?"

तिचे डोळे माझ्या आवाजाची वाट बघत होते.

"हो ताई," मी म्हणालो. "मीच."