नि. दि. बारा ऑक्टोबर

धुक्यातून आधी खोकला ऐकू आला, मग माणूस दिसला.

मार्सली चर्चमागच्या दगडी कुंपणाला टेकून उभी होती. आत बसवेना, म्हणून बाहेर आली होती. डोक्यावर घंटा वाजत होती. एक ठोका… लांबलचक शांतता… पुन्हा एक ठोका. मेलेल्या माणसाची घंटा. खाली समुद्र होता, पण दिसत नव्हता. कुणीतरी झोपेत श्वास घ्यावा तसा त्याचा आवाज तेवढा येत होता.

माणूस समुद्राकडून वर आला. त्या बाजूला वाटच नव्हती.

"अहो बाई, हे किलारन ना?" त्याच्या केसांतून पाणी निथळत होतं. ओठ निळे पडलेले.

मार्सली कुंपणाला आणखी चिकटली. बेटावरचे लोक सांगत, बुडालेला माणूस धुक्यातून येतो नि वाट विचारतो. त्याला वाट सांगू नये.

"बोला की! पाहुण्याकडे असंच टकामका बघतात होय इथं?" तो हसला. गोड हसला, आणि त्यानंच तिच्या अंगावर काटा आला. "बरं, घंटा कुणाची?"

"समोरच्या स्कार बेटावरचा शिपाई…" ती कशीबशी म्हणाली. "डेन्झिल ट्रेगर."

त्याचं हसू विरलं. वर पुन्हा ठोका पडला.

"अहो, पण… तो तर मीच."

मार्सली लष्कराच्या कचेरीत टेलिप्रिंटरवर, तारेनं अक्षरं पाठवणाऱ्या यंत्रावर, बसायची. स्कारवरच्या यंत्रावर डेन्झिल. वर्षभरात दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं, आवाजही ऐकला नव्हता. फक्त अक्षरं. लष्करात सगळंच तोडून लिहायचं, तशी त्यांनी गप्पांचीही अक्षरं केली होती. कामाचा संदेश संपला की खाली तो हळूच टाकायचा, 'धु. दा. मी ए.' धुकं दाट, मी एकटा. आणि दिवसभर तिच्या गालावरची खळी जायची नाही.

काल स्कारहून ठाणेदाराचा संदेश आला : 'शि. डेन्झिल ट्रेगर. नि. दि. बारा ऑक्टोबर.'

मेजर फॉदरिंगम यांनी चष्मा काढला. "निधन दिनांक," ते हळूच म्हणाले. "गरीब बिचारा." खुलासा विचारावा, तर वादळात तार तुटलेली. त्याच संध्याकाळी मार्सली फादर अँगस यांच्या दारात उभी राहिली. त्या पोराचं इथं कुणी नाही, घंटा तरी वाजवा, म्हणून.

आणि आता तो समोर उभा होता.

"'धु. दा. मी ए.'" ती पुटपुटली. "त्यावर मी काय लिहिलं होतं?"

तो चमकला. तिच्याकडे नीट बघू लागला. "'चहा पि. झो. जा.'… मार्सली? तू?"

पण हे मेलेल्यालाही आठवत असेल, तिला वाटलं.

"हात दे," ती म्हणाली.

हात बर्फासारखा होता. तिनं सोडला नाही. मनगट चाचपलं… काहीच नाही. आणखी दाबलं. मग खोल कुठेतरी, हळू, पण ठाम — टुक. टुक.

ती मटकन कुंपणावर बसली आणि रडू लागली.

"अगं, नि. दि. म्हणजे निर्गमन दिनांक!" सगळं ऐकल्यावर तो म्हणाला. "सुट्टी मिळाली. म्हटलं, गाठावं तुला. कोळ्याच्या होडीतून निघालो, तर इंजिन बंद. रात्रभर भरकटलो. म्हातारा म्हणाला, या बाजूला नुसते खडक आहेत, आता देवाचं नाव घे. आणि तेवढ्यात घंटा ऐकू आली. तिच्या रोखानं वल्ही मारत आलो."

घंटा पुन्हा वाजली, आणि आता तोच शहारला.

"म्हणजे मी मेलो म्हणून वाजवली नसती, तर…"

"नको बोलूस."

खाली धुक्यात होडी बांधणारा म्हातारा कुणाला तरी शिव्या घालत होता. तो आवाज तिला त्या क्षणी फार प्रिय वाटला.

"पण वाजवली कुणी?"

"मी सांगितलं. फादरनी विचारलं, तो तुझा कोण?"

"मग?"

मार्सलीनं ओल्या पापण्या खाली घातल्या. "म्हटलं… माझा नवरा होणार होता."

"मला न विचारता?"

"मेलेल्याला काय विचारायचं?"

तो हसत सुटला. हसता हसता त्याचे दात वाजू लागले. तिनं आपली शाल त्याच्या खांद्यावर टाकली. शालीची दोन्ही टोकं त्यानं धरली आणि तिला जवळ ओढलं.

"आता जिवंत आहे. आता विचार."

"सगळं तोंडानं बोलायचं?"

"सगळं. एकही अक्षर न गाळता."

तिनं त्याच्या कानाशी तोंड नेलं. ती काय म्हणाली, ते घंटेच्या आवाजात बुडून गेलं. पण त्यानं ऐकलं. आणि मग दोघं हात धरून चर्चच्या दाराकडे पळाले, फादरना थांबवायला.