शेवटच्या धुराचं साल

बेटावरच्या पील गावातलं स्किलिकॉर्नांचं पुस्तकांचं दुकान बंद व्हायला नऊ दिवस राहिले, तेव्हा गावाला त्याचं प्रेम दाटून आलं. ज्यांनी दहा वर्षांत उंबरा ओलांडला नव्हता, ते येऊन फळ्यांवरून हात फिरवू लागले. "आता आम्ही जायचं कुठं गं, एलिश?" असं गळा काढून विचारणाऱ्यांत शेजारच्या हेरिंग मासे धुरवणाऱ्याची बायको होती. ती आजवर फक्त पावसात अडकली की यायची.

दुकानाची मालकीण एलिश सगळ्यांपुढे मान डोलवायची. तिला अडुसष्ट वर्षं पूर्ण झाली होती आणि वाद घालायची ताकद तिने केव्हाच वापरून संपवली होती. लहानपणापासून तिचा डावा पाय दोन बोटं आखूड. त्या बुटाला चांभाराकडून जाड तळवा लावून घेतलेला. जिना चढताना ती कुठल्या पायरीवर आहे हे खाली बसलेल्याला ऐकू यायचं: टक, धप. टक, धप. शनिवारी सकाळच्या बोटीने ती समुद्रापलीकडे, प्रेस्टनला लेकीकडे जाणार होती. तिकीट गल्ल्याखालच्या खणात होतं. दिवसातून दोनदा ती ते काढून बघायची.

त्याआधी दुकानातर्फे निघणारं एक पुस्तक छापखान्यात जायचं राहिलं होतं, आणि ते जुआनमास्तरांचं होतं.

जुआन गॉन हे शाळामास्तर. चाळीस वर्षं दर रविवारी बेटावरचे डोंगर तुडवून त्यांनी पडक्या घरांची नोंद केली होती. अशा घराला इथे थोलतन म्हणतात. छप्पर गेलेलं, भिंती उभ्या, आत मेंढ्या. दोनशे अकरा घरं. प्रत्येकाचं नाव, फोटो, तिथून उठलेलं शेवटचं माणूस, आणि शेवटच्या रकान्यात 'शेवटचा धूर', म्हणजे त्या चुलाण्यातून धूर निघाल्याचं अखेरचं साल. मास्तरांची छाती आता साथ देत नव्हती. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते त्यांनी एलिशला सांगितलं नव्हतं, पण वारसा मंडळातल्या अकराच्या अकरा सभासदांनी स्वतंत्रपणे तिच्या कानात घातलं होतं. पुस्तक हातात घेऊन बघायचं, एवढंच मास्तरांचं मागणं होतं.

"तुझ्या या घराचा शेवटचा धूर शनिवारी," मास्तर म्हणाले. ते खिडकीजवळच्या खुर्चीत घोंगडी पांघरून छपाईआधीच्या तपासणीची पानं चाळत होते. "दुसऱ्या आवृत्तीत दोनशे बारावं घर तुझं."

"माझ्या घराला छप्पर आहे, मास्तर."

"सगळ्यांनाच होतं गं."

बेटावर पुस्तक मागून उघडतात. शेवटच्या पानांवर आगाऊ नाव नोंदवणाऱ्यांची यादी असते, नाव आणि नावापुढे घराचं नाव. लोक आधी स्वतःला शोधतात, मग शेजाऱ्याला, आणि शेजारी नसला की पुस्तक खरंच आवडतं. यादी सोमवारी बंद करायची होती. त्या सकाळी शेवटचा अर्ज आला.

माणसाच्या नावाची जागा मोकळी होती. घराच्या जागी लिहिलं होतं: बॅलास्कर. अक्षर जुन्या शाळेचं, बारीक, उजवीकडे कललेलं. खाली 'प्रत कशी हवी' यापुढे टपाल किंवा दुकान यावर खूण करायची असते. तिथे लिहिलं होतं, 'येताना आणावी.' आणि कागदाच्या कडेला, 'चौसष्टाव्या घराचं साल चुकलं आहे.'

एलिशने पानं उलटली. क्रमांक चौसष्ट: बॅलास्कर, डॉल्बी गावाच्या वरच्या अंगाला. शेवटचा धूर, १९११.

"मास्तर, या वयात थट्टा?"

त्यांनी चष्मा लावून अर्ज वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि परत वाचला. एलिशला त्यांचं हसू ओळखीचं होतं. ते कुठेच दिसेना.

"ही पानं अजून या दुकानाबाहेर गेलीत का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही आणि मी. तिसरं कोण वाचतंय?"

"मग चौसष्टावं कुठलं, हे त्याला कसं कळलं?"

तिने पाकीट उलटसुलट करून बघितलं. पाकिटावर शिक्का होता, पण पुसट. पाकिटाला धुराचा वास होता. सरपण म्हणून वापरतात त्या गवताळ मातीच्या ढेपा जळतात तसा, गोडसर. शेजारी हेरिंग धुरवतात, वासाचं काय एवढं, असं म्हणून तिने ते खणात टाकलं.

मंगळवारी मास्तर आले नाहीत. बुधवारी आले ते धापा टाकत, आणि घोंगडी न पांघरताच बोलू लागले.

"दोनशे दहा घरांत मी पाय ठेवलाय, एलिश. चुलीच्या दगडावर हात ठेवल्याशिवाय नोंदीचं कार्ड भरलं नाही कधी."

"माहीत आहे."

"दोनशे दहा म्हणालो मी."

तिने चौसष्टाव्या घराचं पान पुढे ओढलं.

"त्या दिवशी धुकं उतरलं. रस्त्यावरनंच फोटो काढला. साल डॉल्बीतल्या एका म्हातारीने सांगितलं, मी लिहून टाकलं. पुढच्या रविवारी जाऊ, असं म्हणालो. वेळ काय, पडलाय ढीग!" ते खोकले. "तीस वर्षं झाली. एक खोटं कार्ड."

"दोनशे अकरात एक. मंडळाच्या इतिवृत्तात पानागणिक तीन असतात."

"मंडळाला मरायचं नाहीये," मास्तर म्हणाले. मग त्यांना ओशाळल्यासारखं झालं. "मला आता चढवत नाही. तू जाऊन बघशील? चुलीच्या दगडावर हात ठेव, बास. शुक्रवारी पानं छापखान्यात जायच्या आधी."

तिला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायलाही जोर लागतो.

गुरुवारी हॉप-टू-ना होता, ऑक्टोबर सरतानाचा बेटावरचा सण. संध्याकाळी पोरं सलगम पोखरून केलेले दिवे घेऊन गाणं म्हणत दारोदार फिरली. निजायच्या आधी एलिशने वरच्या खोलीतल्या शेगडीपुढची राख, राख ओढायच्या लोखंडी पाटीने सपाट केली. तिची आई करायची, आजी करायची. त्या रात्री राख सपाट करायची आणि सकाळी पाऊल उमटलंय का बघायचं. बोटं दाराकडे असली तर घरातलं माणूस जाणार. बोटं आत असली तर नवं माणूस येणार. एलिशचा विश्वास नव्हता. नवरा गेला त्या वर्षी राख जशीच्या तशी होती.

रात्रभर पाऊस पडला. सकाळी राखेत पाऊल होतं.

उजवं. बुटाचं. बोटं दाराकडे.

तिने वाकून बघितलं. मग तिने स्वतःला समजावलं: काल थकून आपणच पाय दिला असेल. शिवाय उद्या जायचंच आहे की. त्यात राखेने नवीन काय सांगितलं? तिने चहा पिऊन घेतला, तपासणीतलं चौसष्टाव्या घराचं पान घडी करून खिशात घातलं आणि खाली मास्तरांना बसवून गाडी काढली.

डॉल्बीच्या पुढे रस्ता संपला तिथे गाडी ठेवून ती चढू लागली. पाऊस थांबला होता. नेचे तांबूस पडून लोळले होते. प्रत्येक पावलाला पाणी वर यायचं. टक नाही, धप नाही, नुसता चिखलाचा आवाज. मध्ये दोनदा ती दगडावर बसली. खाली समुद्र राखाडी, आणि वर हळूहळू धुकं.

घर वाटेच्या वळणावर होतं. छप्पर नव्हतं. वरच्या वाशांतला एक तेवढा तिरका लोंबत होता. दाराची चौकट शाबूत. तिच्यावर शेवाळ, पण उंबऱ्यावर नाही. उंबरा झिजून मध्ये खोलगट झाला होता, आणि स्वच्छ होता.

ती बाहेरच उभी राहिली.

आतली जमीन कोरडी होती.

तिने वर बघितलं. आभाळ होतं. धुकं आत उतरत होतं आणि भिंतीच्या वरच्या दगडाशी थांबत होतं.

समोरच्या भिंतीत चुलाणं. त्यापुढे एक बुटकं स्टूल, बसायला ओढून ठेवल्यासारखं. मेंढ्यांच्या लेंड्या नाहीत, खाजऱ्या पानांचं रान नाही. मातीच्या ढेपांचा तो गोडसर वास. आणि ऊब. दारापाशी उभं राहूनही तिच्या ओल्या गुडघ्यांना ऊब लागत होती. पहाटेपासून, खरं तर कित्येक वर्षांत, पहिल्यांदाच तिचे पाय दुखायचे थांबले.

बसावं थोडं, असं तिच्या मनात आलं. दगडावर हात तर ठेवायचाच आहे.

तिने चौकट धरली. मग तिला राख दिसली.

चुलाण्यापुढे राख पसरून सपाट केलेली होती. पाटीने, एका दिशेने, तिची आई करायची तशी.

मध्ये एक पाऊल. डावं. बुटाचा तळवा दोन बोटं जाड, कडा खोल उमटलेल्या.

बोटं आत.

ती वळली आणि चालू लागली. पळणं तिला जमण्यासारखं नव्हतंच. पाठीमागे आवाज नव्हता. गाडीपाशी पोचली तेव्हा पाय पुन्हा दुखायला लागले होते, आणि त्याचं तिला बरं वाटलं.

दुकानात मास्तर जागचे हलले नव्हते. "ठेवलास हात?"

"चूल विझलेली नाही, मास्तर."

त्यांनी पेन उचललं. पुढे काही विचारलं नाही. चाळीस वर्षं माणसांकडून घरांची माहिती काढलेला माणूस. कुठे थांबायचं ते त्यांना कळत होतं.

"मग साल काय घालू?"

"रकाना कोरा ठेवा."

मास्तरांनी १९११ वर रेघ मारली, शेजारी काहीच लिहिलं नाही, आणि एक मोठा श्वास घेतला. खोकला न येता. "दोनशे अकरा," ते म्हणाले. "आता खरी."

एलिश वर गेली. टक, धप. सामानाच्या दोन पेट्या दाराशी बांधून ठेवलेल्या होत्या. ते राखेतलं पाऊल तिला आधी मोडायचं होतं. तिने पाटी उचलली आणि शेगडीपुढे वाकली.

राख सपाट होती. पाटीने, एका दिशेने. पाऊल कुठेच नव्हतं.

तिने शेगडीला हात लावला. सकाळीच तर तिने कोळसा घातला होता. लोखंड गार होतं. आतल्या जाळीवर छप्पर गेल्यावर वर्षानुवर्षं पावसात पडून राहिल्यासारखा ओला गंज चढला होता, आणि धुराड्यातून, खूप वरून, एक मेंढी ओरडल्याचं ऐकू आलं.