ऐकलं

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सकाळी अकरा चाळीसला सांगितलं, तेव्हा काटेवाल्यांच्या काखेत लॅपटॉप होता. झाकण नीट मिटलेलं नव्हतं. फटीतून उजेड येत होता. डॉक्टर बोलत होते आणि काटेवाले त्या उजेडाकडे बघत होते.

गाव परकं, दवाखाना परका. ते दोघं फिरायला निघाले होते, प्रवासाचा तिसरा दिवस होता. वाटेत तिला दम लागला. स्ट्रेचरवरून आत नेताना तिने त्यांची बाही धरली आणि म्हणाली, "अहो, बंद करू नका हं ते. प्रवास संपला नाही अजून. बंद केलंत तर सगळी रेघ जाईल." हे तिचं शेवटचं बोलणं. त्यात गोडगोड काही नव्हतं, सूचनाच होती. काटेवाल्यांनी ती पाळली. लॅपटॉप बंद केला नाही, नुसतं झाकण मिटलं. घरी आल्यावर तो कपाटात ठेवला आणि आठ महिने त्याला हात लावला नाही.

काटेवाले हे त्यांचं नाव नव्हे. गोदामांतले, दुकानांतले वजनकाटे तपासून बरोबर करून देणं हा त्यांचा धंदा, म्हणून सगळे काटेवाले म्हणत. चाळीस वर्षं एकच काम केल्यावर माणसाची नजर तशीच होते. काटा खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो त्याच्याखाली बोट लावणारा, असं ते म्हणत, आणि कुठे काही विचित्र दिसलं की आधी बोट शोधत.

वर्षातून दोनदा दोघं गाडी काढून लांब जायचे. गाडी ते चालवत. बायको शेजारी बसे, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप. त्यात नकाशाचं एक जुनं सॉफ्टवेअर होतं. काडेपेटीएवढी जीपीएसची डबी काचेजवळ चिकटवायची, तिची वायर लॅपटॉपला जोडायची, की नकाशावर एक हिरवा ठिपका चालू लागे. तो ठिपका म्हणजे गाडी. जायचा रस्ता निळा, झालेला रस्ता लाल. वळण जवळ आलं की पडद्यावर तसं लिहून येई, आणि ती वाचून दाखवी.

पहिल्याच प्रवासात तिने "उजवीकडे" म्हटलं, काटेवाल्यांनी "हं" म्हटलं आणि गाडी सरळ नेली. साठ किलोमीटर फुकट गेले. त्यानंतरचे शंभर किलोमीटर कुणी कुणाशी बोललं नाही. मग तिने नियम केला. तिने वळण सांगायचं, त्यांनी ते पुन्हा म्हणायचं आणि वर "ऐकलं" म्हणायचं. "उजवीकडे. ऐकलं." एवढं कानावर पडलं की मगच ती बटण दाबून पुढचं वळण काढणार. "तुमच्या 'हं'वर माझा विश्वास नाही," ती म्हणे. "लग्नाच्या वेळीही तुम्ही 'हं'च म्हणाला होतात."

जिथे थांबतील तिथे ती नकाशावर खूण करून दोन शब्द लिही. 'पंप. संडास स्वच्छ.' 'चहा दोन. खुर्च्या डुगडुगतात, हे चिडले.' प्रत्येक थांब्यावर चहा दोन. घराच्या फाटकाशी आलं की ती प्रवास संपल्याचं बटण दाबे, रेघ जपून ठेवे, आणि मगच गाडीतून उतरे. पिशव्या कितीही जड असोत, तोवर काटेवाल्यांनी दार उघडायचं नाही.

शेवटच्या वेळी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे जायचं होतं. ते राहिलं.

आठ महिन्यांनी मुलगी आली. दुसऱ्या गावात असते, नोकरी करते, बोलणं आईसारखं. तिने आईचे कपडे आवरले आणि जाताना म्हणाली, "बाबा, त्या लॅपटॉपमध्ये आईचे फोटो आहेत. काढून ठेवा. आणि जरा केस कापून या, लोक विचारतात घरात साधू कोण आलाय."

ती गेल्यावर काटेवाल्यांनी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आणला, चार्जरला लावला आणि झाकण उघडलं. नकाशा होता तसा समोर आला. यात नवल नव्हतं. बॅटरी संपण्याआधी सगळं जपून झोपी गेलेलं यंत्र जागं झालं, एवढंच.

नवल पुढे होतं. लाल रेघ दवाखान्याच्या दाराशी थांबायला हवी होती. ती दारातून बाहेर पडून चार किलोमीटर पुढे गेली होती. घराकडे नव्हे, नदीच्या दिशेने. रस्ता जिथे फुटतो तिथे हिरवा ठिपका उभा होता आणि पडद्यावर लिहिलेलं होतं, डावीकडे.

काटेवाले उठले, अंगणात उभ्या असलेल्या गाडीचा कप्पा उघडून पाहिला. जीपीएसची डबी आत होती. तिच्याभोवती वायर गुंडाळलेली होती, आणि दवाखान्यातून परत निघताना त्यांनी स्वतः घातलेला बायकोचा रबरही तसाच होता.

परत येऊन ते खुर्चीत बसले. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. तोंडातून सवयीने निघून गेलं, "डावीकडे. ऐकलं."

ठिपका डावीकडे वळला आणि चालू लागला.

त्यांनी घड्याळ लावलं. पुढचं वळण अट्ठेचाळीस किलोमीटरवर होतं. ठिपक्याला बरोबर एक तास लागला. हा त्यांचाच वेग. "जरा दाबा की, मागची सायकल हॉर्न देतेय," असं ती ज्या वेगाला म्हणायची, तोच.

दुसऱ्या वळणावर ते मुद्दाम गप्प बसले. दोन दिवस ठिपका जागचा हलला नाही. मग त्यांनी उलट सांगून पाहिलं, "डावीकडे. ऐकलं." तरीही हलला नाही. बरोबर सांगितलं, "उजवीकडे. ऐकलं." हलला. काटेवाल्यांनी हे सगळं वहीत तारीख-वेळेसह लिहिलं. काटा तपासताना लिहीत तसं. भीती वाटत नव्हती. कित्येक महिन्यांनी सकाळी उठावंसं वाटत होतं.

बोट शोधायला ते लॅपटॉप घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथली बाई तिशीतली, हातात सदा स्क्रूड्रायव्हर.

"काका, हे अजून वापरता? आता सगळं मोबाइलवर असतं."

"याला ऐकू येतं का?" काटेवाल्यांनी विचारलं.

ती हसली. "याचा माइक कधीच मेलाय. कानाशी जाऊन ओरडलात तरी ढिम्म. आणि बोललेलं समजण्याची सोयच नाही यात." मग ती थांबली. पडद्याजवळ वाकली. "जीपीएस जोडलेलं नाही. इंटरनेट नाही. मग हा ठिपका कशाच्या जोरावर चाललाय?"

"तेच विचारायला आलो."

"अडकलं असेल काहीतरी. बंद करून पुन्हा चालू करते."

"नको!"

दुकानातली माणसं वळून बघू लागली. काटेवाल्यांनी लॅपटॉप उचलला, छातीशी धरला आणि घरी आले.

त्या दुपारी नकाशावर पहिली खूण उमटली. ती कधी आली ते त्यांनी पाहिलं नाही. चष्मा काढून घातला तेवढ्यात आली असावी. 'चहा दोन. एक तसाच राहिला.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग मुलीला फोन लावला.

"काय गं, आई गाडी शिकली होती का कधी? माझ्या नकळत?"

"आई? एकदा क्लास लावला होता तिने. अख्ख्या मैदानात एकच खांब होता, पहिल्याच दिवशी तो शोधून काढला. पुन्हा गेली नाही. का हो?"

"काही नाही. आठवलं."

"बाबा, जेवताय ना नीट?"

"हं."

"तुमच्या 'हं'चा काही भरवसा नाही."

फोन ठेवून त्यांनी वहीत एकच ओळ लिहिली. गाडी कोण चालवतं?

प्रवास चालू राहिला. रोज सकाळी काम आटोपून काटेवाले टेबलाशी बसत आणि तीन-चार वळणं देत. खुणा येत गेल्या. 'पंप. रांग मोठी.' 'पूल अरुंद. हे आज फारच गप्प.' पाचव्या दिवशी ठिपका नकाशावरच्या समुद्राच्या कडेला टेकला आणि खूण आली, 'पोचलो. पाणी दोन रंगांचं आहे, मधे रेघ मारल्यासारखं. हे गाडीतच बसून राहिले.'

काटेवाल्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. तिने नदी पाहिली होती. आपण असतो तर गाडीत बसून राहिलो नसतो. त्यांना वाटलं, हे कुणालातरी ओरडून सांगावं. घरात कुणी नव्हतं.

मग ठिपका परत फिरला. घराकडे.

शहाणा माणूस याला वेडेपणा म्हणाला असता, आणि काटेवाले शहाणे होते. तरी त्यांनी केस कापून घेतले. तिचा कप फडताळातून काढून धुतला. तिची उशी उन्हात टाकली. रोज दोन वळणं जास्त देऊ लागले. ठिपका त्यांच्या ओळखीच्या रस्त्यांवर आला. पाण्याची टाकी, मग सिमेंटचा कारखाना.

कारखान्यापाशी खूण आली. 'हे ऐकलं म्हणतात, पण ओठ हलत नाहीत.'

त्या दिवशी त्यांनी पुढचं वळण दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वही उघडून बसले. लिहायला काही सुचेना. आवाज आपला जातो, हे त्यांना कळलं. तिच्या शेजारी जो बसलाय तो आपण नाही, आणि तिला तो आपण वाटतोय, हेही कळलं. काटेवाले आजवर ज्या बोटाच्या शोधात होते, ते स्टिअरिंगवर होतं.

पण कारखान्यापाशी चहा मिळत नाही. सावली नाही. तिथे तिला त्याच्यासोबत किती दिवस बसवून ठेवायचं?

तिसऱ्या दिवशी त्यांनी म्हटलं, "सरळ. ऐकलं."

ठिपका सरळ निघाला. शाळा मागे पडली. वाचनालय मागे पडलं. "उजवीकडे. ऐकलं."

एकच वळण उरलं. शिंप्याच्या दुकानाच्या कोपऱ्यावरून गल्लीत, डावीकडे. तिथून त्यांचं फाटक चाळीस पावलं.

दुपारचे सव्वाबारा वाजले होते. ऊन स्वच्छ पडलं होतं.

ठिपका कोपऱ्यावर येऊन थांबला.

काटेवाले खिडकीशी गेले. कोपरा तिथून सरळ दिसतो. शिंपी मशिनवर बसला होता. त्याच्या दारातलं कुत्रं उठून उभं राहिलं होतं आणि रिकाम्या रस्त्याकडे बघून शेपटी हलवत होतं. ते तिला नेहमी ओळखायचं. मग त्याने नजर जराशी बाजूला नेली, चालकाची जागा असावी तिथे. शेपटी थांबली. ते मागे मागे सरकत मशिनखाली गेलं.

अंगणात त्यांची गाडी उभी होती, आठ महिने होती तिथेच.

ते टेबलाशी परत आले. पडद्यावर लिहिलं होतं, डावीकडे. आणि कोपऱ्यावर नवी खूण होती.

'आपली गाडी दारात दिसतेय. मग ही कुणाची?'

त्याला अकरा दिवस झाले. तिचा कप टेबलावर आहे. लॅपटॉपचा चार्जर त्यांनी काढलेला नाही. कुत्रं मशिनखालून बाहेर येत नाही, असं शिंपी सांगतो. काटेवाले सकाळी उठतात, टेबलाशी बसतात, तोंड उघडतात आणि मिटतात.

शेवटच्या वळणाला "ऐकलं" म्हणायचं राहिलं आहे.