बाहेर राहिलेलं मत

विधानभवनातल्या झेरॉक्स मशीनवर आधीच एक नियमपुस्तक पालथं पडलं होतं. माझ्या हातातही तेच पुस्तक, आणि बोट नेमकं त्याच पानावर!

"तुम्हालाही हेच पान?" मशीनपाशी उभा असलेला तो म्हणाला.

"आमच्या साहेबांना यावरून तुमचा ठराव उडवायचाय."

"अरे वा! आमचे साहेब यावरूनच तो वाचवणार आहेत."

त्याने माझीही प्रत काढून दिली. "विरोधकांनी सरकारला केलेली या अधिवेशनातली पहिली मदत. नोंद असू दे." मी हसू दाबलं. निदान दाबलं असं मला तरी वाटलं.

मी सत्ताधारी प्रतोदांच्या कचेरीत काम करते. मतदानाच्या वेळी आपले सदस्य हजर ठेवणं ही प्रतोदांची जबाबदारी, आणि आमचे प्रतोद म्हणजे माझे सख्खे मामा. बाबा गेल्यावर त्यांनीच आम्हाला सांभाळलं, ही नोकरीही त्यांनीच लावली. तो विरोधी प्रतोदांकडे होता. ऊठसूट हरकतीचे मुद्दे लिहून द्यायचा, म्हणून मी त्याचं नाव हरकतवाला ठेवलं.

आमच्या दोन कचेऱ्यांमध्ये एकच गोष्ट भांडणाशिवाय चालायची: जोडी लावणं. त्यांचा एखादा सदस्य अडचणीत असला, तर आमचाही एकजण मतदानाला बाहेर राहणार. आमचा असला, तर त्यांचा. कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. त्यासाठी रोज फोन व्हायचे... आणि हळूहळू काम नसतानाही व्हायला लागले.

"आज कोणाची जोडी राहिलीय?" मी एकदा विचारलं.

"आपली सोडून सगळ्यांची लागली."

मी फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली.

"हरकत आहे?"

"निर्णय राखून ठेवलाय," म्हणत मी फोन ठेवला, आणि दिवसभर एकही पत्र धड टाइप केलं नाही.

मग तो मंगळवार आला. त्यांच्या एका सदस्याच्या, म्हणजे मास्तरांच्या बायकोचं ऑपरेशन होतं. मी शब्द दिला, आमचे डॉक्टर बाहेर राहतील. हे डॉक्टर पेशंट सोडून राजकारणात आलेले, स्वभावाने देवमाणूस. पण दुपारी आमचाच एक सदस्य उठला आणि समोरच्या बाकांवर जाऊन बसला. गणित पार फिसकटलं. विरोधक अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरले, कागद उडाले, दोनदा कामकाज थांबलं. शेवटी विधेयकावर मतविभागणी पुकारली गेली आणि घंटा वाजू लागली. ती थांबली की दारं बंद होतात.

मामा घामाघूम होऊन बाहेर आले. "डॉक्टरांना आत आण. ते आले तर मतं समसमान होतील, मग अध्यक्षांच्या मतावर निभावेल."

"मामा, ते जोडीत आहेत. मी शब्द दिलाय."

"विधेयक पडल्यावर त्या शब्दाचं काय लोणचं घालायचंय? आण म्हटलं ना!"

ते आत गेले. मी आमच्या कचेरीत जाऊन डॉक्टरांना उठवलं. मामांना मी आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं.

"काय गं पोरी, मी बाहेर राहायचं ठरलं होतं ना?" चालता चालता डॉक्टरांनी विचारलं. मी पावलं भराभर उचलली.

सभागृहाच्या दारापाशी तो उभा होता. त्याने डॉक्टरांकडे पाहिलं... मग माझ्याकडे. चिडला असता तरी चाललं असतं. पण त्याने मान खाली घातली आणि आम्हाला वाट करून दिली.

"डॉक्टर, थांबा!" माझा आवाज चिरकला. "मास्तर दवाखान्यात बसलेत ते माझ्या शब्दावर. मी तुम्हाला आणायलाच नको होतं."

डॉक्टरांनी उघड्या दाराकडे पाहिलं. "तुझा मामा मला सोलून काढेल."

"आधी मला."

"हं," असं म्हणत ते बाकावर बसले. घंटा थांबली, आतून कडी लागली.

तो जवळ आला. "तुम्ही जोडी मोडणार अशी कुणकुण आमच्या साहेबांना लागली होती. म्हणाले, मास्तरांना आणायला गाडी पाठव. मी नाही पाठवली."

"का?"

"तू शब्द दिला होतास."

"आणि मी डॉक्टरांना दारापर्यंत आणलं!" मला रडूच कोसळलं. "तुझी नोकरी गेली असती रे."

"नोकरी दुसरी शोधली असती. तू खोटी निघाली असतीस, तर... तुझ्यासारखी दुसरी मी कुठून शोधणार होतो?"

मी त्याचा हात धरला. "मला तू आवडतोस. फार. आत्ताच सांगते, नंतर मामा बोलू देतील की नाही कोण जाणे."

त्याने माझा हात घट्ट धरला. आतून आरोळी उठली, आणि ती त्यांच्या बाकांवरून होती. एका मताने विधेयक पडलं. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

"तू जा आता," मी घाबरून म्हणाले. "मामा येतील."

"त्यांच्याशीच बोलायचंय. आपल्याबद्दल."

"आज? वेड लागलंय का तुला? आत्ताच हरलेत ते!"

"म्हणूनच आज. आज त्यांच्याकडे बहुमत नाही."

कडी निघाली. सगळ्यांच्या पुढे मामा, लालबुंद. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या हातांकडे. मी हात सोडवून घेतला नाही.