सिनेमातून वगळलेला हाकाऱ्या

रविवारी दुपारची भांडी आवरली, तसा दर्शनाने लॅपटॉप बुधाजींच्या खाटेजवळ स्टुलावर आणून ठेवला. बापलेकीचा एक वाद आज मिटायचा होता. दोघांच्या लाडक्या कादंबरीवर सिनेमा निघाला होता, आणि सिनेमावाल्यांनी कादंबरीची वाट लावली असणार, हे बुधाजींनी न पाहताच ठरवून टाकलं होतं. तसंही त्यांना पाहता येत नव्हतंच.

बुधाजींनी माथेरानला तीस वर्षं हातरिक्षा ओढली. काचबिंदूने डोळे गेले, तेव्हा ते कशेळ्याजवळच्या आपल्या घरी येऊन बसले. त्यांचं मन रमावं म्हणून दर्शनाने ती धुक्याच्या राज्याची कादंबरी वाचून दाखवायला घेतली. एकदा नाही, तीनदा झाली. धुक्यातली राणी, तिचे सात पहारेकरी, बोलणारा डोंगर, सगळे घरचेच झाले होते. पण म्हाताऱ्याचा जीव जडला होता हाकाऱ्यावर. हा हाकाऱ्या धुक्यात उभा राहून "येता का?" एवढंच विचारायचा. तीनदा. तिसऱ्या हाकेला ज्याच्या तोंडून "आलो" निघालं, त्याला तो घेऊन जायचा, आणि गेलेला परत यायचा नाही.

"ह्यो माथेरानला आला असता तर आमी समदेच गेलो असतो," बुधाजी हसून म्हणायचे. रिक्षाच्या नाक्यावर रिवाजच तसा होता. प्रवाशाने "येता का?" म्हटलं की जो पहिला "आलो" म्हणेल, त्याची फेरी. इतक्या वर्षांत ती सवय हाडात मुरली होती. अजूनही झोपेत त्यांच्या तोंडून "आलो" निघायचं.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर काय चाललंय ते दर्शना सांगत होती आणि बुधाजी चुका काढत होते.

"राणीचा आवाज लई बारीक केलाय गं. पुस्तकात कशी भारदस्त व्हती. आणि डोंगर गातोय कशापायी?"

"सिनेमा आहे बाबा. गाणं नको का?"

थोड्या वेळाने ते एकदम खूश होऊन म्हणाले, "आलो! हाकाऱ्या मात्र झ्याक जमलाय."

दर्शना हसली. "बाबा, हाकाऱ्या यात नाहीच. त्याला काढून टाकलंय. पेपरात आलं होतं."

"नाय कसा? आत्ता म्हनला की, येता का."

पडद्यावर तर राणी एकटीच तळ्याकाठी उभी होती, तोंड मिटून. म्हातारा चेष्टा करतोय, दर्शनाला वाटलं. तरी तिने आवाज वाढवून ते दृश्य पुन्हा लावलं. नुसतं पाणी वाजत होतं.

तेवढ्यात बुधाजी पुन्हा म्हणाले, "आलो."

या खेपेला ते हसले नाहीत. दर्शनाने घाईघाईने सिनेमा थांबवला. बाहेर लख्ख ऊन होतं, पण खोलीत ओल्या मातीचा वास आला, आणि खिडकीच्या काचेवर बाहेरून वाफ धरली. ऐन मे महिन्यात.

"बाबा... दोनदा हाक झाली?"

"दोनदा." त्यांचा आवाज खाली आला. "लॅपटॉपातनं नाय गं येत. दारातनं येतोय."

दर्शनाने वळून दाराकडे पाहिलं. कडी तिने स्वतःच लावली होती. "आता बोलू नका. काही झालं तरी बोलू नका."

"मी नाय बोलत... पर जिभंचं काय? तिनं मला कधी इचारलंय..."

त्यांनी दाराकडे मान वळवली आणि ओठ उघडले. दर्शनाने झेप घेऊन दोन्ही हातांनी त्यांचं तोंड दाबून धरलं. तिला काहीच ऐकू आलं नाही. तळहाताखाली ओठ घट्ट मिटलेले होते.

आणि थांबवलेल्या सिनेमातून बुधाजींचा आवाज आला, तरणाताठा, उमेदीच्या दिवसांतला. "आलो."

मग लांब जाणारी चाकांची खडखड. मग तीही नाही.

बुधाजी वाचले. जेवतात, फिरतात. फक्त त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटलेला नाही. कर्जतच्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं, घशात काही दोष नाही म्हणाले. आपण हात आणखी आधी ठेवायला हवा होता, हे दर्शनाच्या मनातून जात नाही.

आठवड्याने तिच्याबरोबर शाळेत शिकवणारी सुप्रिया तोच सिनेमा थेटरात बघून आली. "तू तर म्हणालीस हाकाऱ्या काढलाय," ती म्हणाली, "पण शेवटी धुक्यातून कुणीतरी 'आलो' म्हणतं की गं. अगदी तुझ्या बाबांसारखा आवाज."

त्या संध्याकाळी दर्शनाने दिवा लावला, बाबांच्या शेजारी बसली आणि शेवटचं दृश्य लावलं. बाबांचा आवाज पुन्हा एकदा तरी ऐकावा, एवढंच तिच्या मनात होतं. पडदा पांढरा झाला. धुकं. "आलो." तिला रडू फुटलं. ती काहीतरी बोलणार, एवढ्यात बुधाजींचा हात चाचपडत आला आणि त्यांनी तिचं तोंड गच्च दाबून धरलं. मान दाराकडे वळलेली होती.

तिला तर दारातून काहीच ऐकू आलं नव्हतं.