अर्ध्याहून जास्त चूक

बर्फ भुरभुरत होता. ॲन आर्बरच्या त्या चौकातून सुनेत्रा बेतानं गाडी काढत होती, तेवढ्यात डावीकडून एक निळी गाडी स्टॉपच्या पाटीला न जुमानता घसरत आली आणि तिच्या दारावर आदळली.

"अगं आई गं..."

"मराठी?" निळ्या गाडीतून धडपडत उतरलेला तरुण कपाळ दाबत म्हणाला. "मी श्रीरंग. तुम्हाला लागलं नाही ना?"

लागलं त्यालाच होतं. ते पाहून सुनेत्रा विरघळली. आपल्या माणसाचं नाव पोलिसांत द्यायचं, हे काही तिच्या घरचं वळण नव्हतं. पोलीस आला, तेव्हा ती बोलून गेली, "माझंच चुकलं, ऑफिसर." त्यानं तसंच लिहून घेतलं.

हा भिडस्तपणा चांगलाच भोवला. मिशिगनात नो-फॉल्टचा कायदा; धडक कुणाचीही असो, आपली गाडी आपणच दुरुस्त करायची. सुनेत्राचा विमा सगळ्यात स्वस्तातला, त्यात स्वतःच्या गाडीचा खर्च बसत नव्हता. समोरच्याची चूक अर्ध्याहून जास्त ठरली, तरच कोर्टातून तीन हजार डॉलरपर्यंत मिळणार होते. गाडी नाही तर लॅबमधली नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर देशाच्या दुसऱ्या टोकाला क्युपर्टिनोला दादाकडे जाऊन राहायचं. तिला मुळीच जायचं नव्हतं.

"नुसते पैसे दिले, तर तुम्ही घेणार नाही. माझ्यावर केस करा," श्रीरंगच म्हणाला.

"आपल्याच माणसावर?"

"करा हो. आणि तोवर रोज मी ड्रॉप करतो."

मग रोज सकाळी निळी गाडी दारात येऊ लागली. तो थर्मासमधून चहा आणायचा. ती काचेवरची वाफ पुसता पुसता हळूच त्याच्याकडे बघायची. कधी दोघांची नजर एकदम वळायची—आणि मग दोघंही रस्त्याकडे फार लक्ष देऊन बघायचे. केसची तारीख लवकर यावी म्हणून तळमळणारी सुनेत्रा आता ती लांबावी म्हणून मनातल्या मनात देवाला विनवू लागली.

तारीख आलीच. न्यायाधीशबाईंनी विचारलं, तर सुनेत्राचा भिडस्तपणा पुन्हा आडवा आला. "बर्फ होता... कुणाचीही गाडी घसरली असती..."

बाईंनी फाइल मिटायला घेतली. श्रीरंग उठला.

"चूक पूर्ण माझी आहे. मी पाटीकडे बघतच नव्हतो."

"मग कुठे बघत होतात?"

"यांच्याकडे." त्याचे कान लाल झाले. "दिवाळीला इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात यांना पाहिलं होतं. त्याच आहेत का, ते बघत होतो."

कारकून गालातल्या गालात हसला. निकाल सुनेत्राच्या बाजूनं लागला.

बाहेर पायऱ्यांवर तो म्हणाला, "चला. आता तुमची गाडी होईल. माझी गरज संपली." हसायला गेला, पण जमलं नाही.

सुनेत्रानं त्याच्या निळ्या गाडीकडे पाहिलं. "तुमच्या गाडीचं काय? तिचाही दिवा फुटलाय."

"सगळे पैसे तुम्हाला दिल्यावर... बघू."

"मग सोमवारपासून मी येते तुम्हाला घ्यायला."

"किती दिवस?"

ती त्याच्याकडे नीट बघत म्हणाली, "आज दादाला फोन करते. मी मिशिगन सोडत नाही म्हणून सांगते. त्यानं कारण विचारलं... तर तुमचं नाव सांगू?"

श्रीरंगनं तिचा थंडगार हात आपल्या हातात घेतला.

"सांगा," तो म्हणाला. "आणि रागावले, तर फोन माझ्याकडे द्या."