अर्धा फेरा

पाण्याबद्दल मिस्तरीचं मत ठाम होतं: पाणी आळशी असतं. इमारतीच्या खोल्या तापवायला बॉयलरमधून निघालेलं गरम पाणी जवळच्या घरांत शिरतं, तिथेच ऐसपैस बसतं आणि टोकाच्या घरांना उरतं ते कोमट. म्हणून जवळच्यांचे व्हॉल्व्ह आवळायचे, लांबच्यांचे सोडायचे. कुठलाही व्हॉल्व्ह हलवण्याआधी तो पूर्ण बंद करून फेरे मोजायचे आणि पाइपवर खडूने लिहायचे, म्हणजे चुकलं तरी मागे येता येतं. “एकाचं काढल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही,” हे त्याने बायकोला इतक्यांदा ऐकवलं होतं की तिला ते पाठ झालं होतं. मदतीला तीच तळघरात यायची, त्यामुळे फेरे मोजायलाही शिकली होती.

त्याचं स्वतःचं घर तळमजल्यावर, पाइपांच्या अगदी टोकाला. सात वर्षांची मुलगी तिसरा आठवडा अंथरुणात होती. छातीत कफ, अंगात ऊब नाही. “खोली गरम ठेवा,” डॉक्टर म्हणाले, “नाहीतर काही खरं नाही.”

मिस्तरीने सगळी इमारत आवळली. वरून तक्रारी आल्या, त्या त्याने या कानाने ऐकून त्या कानाने सोडल्या. मुलीच्या खोलीतला रेडिएटर, भिंतीलगतचा तो लोखंडी सांगाडा, इतका तापला की हात लावता येईना. खोलीत घाम फुटत होता आणि पोरीची पावलं फरशीसारखी गार होती.

काही चुकलंय का ते बघायला तो दुपारी पुन्हा तळघरात उतरला. बॉयलरच्या मागे, भिंतीतून निघून भिंतीतच शिरणारा एक पाइप होता, आणि त्यावर व्हॉल्व्ह. नकाशात तो नव्हता. अकरा वर्षं मिस्तरी ती भिंत स्वतः झाडत होता. त्याने पाइपवर तळहात ठेवला. गरमही नाही, गारही नाही. माणसाच्या अंगाइतका कोमट.

पाइप कुठे जातो ते कळल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडायचा नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. पण तेव्हा त्याला पोरीची पावलं आठवत होती. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होता; त्याने तो अर्धा फेरा सोडला. पाण्याचा आवाज आला नाही. त्याने खडूने लिहिलं: अर्धा.

वर आला तेव्हा मुलगी उशीला टेकून बसली होती. भूक लागली म्हणाली. बायको दाराआड जाऊन रडली.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या मास्तरांनी त्याला बोलावलं. ते तीन स्वेटर घालून रेडिएटरला चिकटून बसले होते. “मिस्तरी, खोली तापते हो,” ते हसत म्हणाले, “मीच तापत नाही.”

चौथ्या दिवशी मास्तर गेले. त्यांच्या फळीवरची मेणबत्ती उष्णतेने वाकली होती आणि मास्तरांचे ओठ निळे पडले होते.

मिस्तरी तडक तळघरात गेला. व्हॉल्व्हवर हात ठेवला. तेवढ्यात वरून मुलीचं हसणं ऐकू आलं. मास्तरांचं वय झालंच होतं, असं त्याने मनाला समजावलं. मनही लगेच समजलं.

पुढच्या आठवड्यात इमारतीतलीच शिवणकाम करणारी बाई दाराशी आली. पदरात दोन लहान मुलं असलेली, तिशीची बाई. “दादा, जरा बघता का? सुई धरवत नाही,” म्हणत तिने बोटं पुढे केली. ती निळसर होती.

हे मात्र त्याला गिळवेना. तो खाली गेला आणि व्हॉल्व्ह बंद करू लागला.

अर्धा फेरा झाला. व्हॉल्व्ह फिरतच राहिला.

एक. दीड. दोन.

“अहो, सोडा ते.”

बायको जिन्यात उभी होती.

“हा कुणी उघडला?”

“परवा तुम्ही बाहेर कामाला गेला होतात. पोरीला पुन्हा हुडहुडी भरली.”

“दोन फेरे? एवढं कुणाचं काढलंस?”

“शेजाऱ्यांचं किती दिवस काढायचं?” ती म्हणाली. “ते काही बरं दिसत नाही.”

तिने त्याचा हात बाजूला केला. त्याने घट्ट धरायचा प्रयत्न केला, पण बोटांत जोर नव्हता. दोन दिवस ती गार पडत होती; त्याला वाटत होतं, लोखंडाचाच गारठा असेल. ती नीट, तोंडाने मोजत, त्याने शिकवलं होतं तसा व्हॉल्व्ह उघडत गेली. दोन झाले. ती थांबली नाही.

वर मुलीने पांघरूण लाथाडलं होतं. गाल लालबुंद. “बाबा, माझ्याजवळ बसा ना!”

तो पलंगाजवळच्या खुर्चीकडे निघाला. बायकोने खुर्ची उचलून दाराशी नेली.

“तिथे नको. तिला गार लागेल.”

तो दाराशी बसला. तिने त्याच्या गळ्याभोवती मफलर मायेने गुंडाळला. मग वही आणि पेन्सिल घेऊन त्याच्यासमोर बसली.

“सगळ्या घरांच्या व्हॉल्व्हचे फेरे सांगा, मी लिहून घेते,” ती म्हणाली. “भराभर सांगा.”